रात्री दहाचा संशय

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘गूढ’ हा विषय सुचवला आणि टीव्हीवरच्या गूढाविषयी लिहितो, असं मी त्यांना लगेच कळवून टाकलं. मराठी घरात आता रहस्य येतं ते पुस्तकातून कमी आणि रात्री दहाच्या मालिकेतून जास्त. त्या मालिका मी मनापासून बघतो. काही महिन्यांनी चिडून उठतो, आणि नवीन मालिकेची जाहिरात आली की पुन्हा समोर बसतो. माझं जे होतं ते इतरांचंही होतं का, हे बघायला जळगाव-धुळ्याकडे फिरलो.

निमित्त होतं ‘देवमाणूस – मधला अध्याय’चं. २०२५च्या जूनमध्ये झी मराठीवर ही मालिका सुरू झाली. पहिली ‘देवमाणूस’ ३१ ऑगस्ट २०२०ला आली होती. करोनाची पहिली लाट चालू होती, माणसं घरात कोंडलेली होती आणि ‘डॉक्टर’ हा शब्द दिवसभर कानावर पडत होता. गावाने देव मानलेला डॉक्टर खुनी आहे. गावाला हे ठाऊक नाही, फक्त आपल्याला ठाऊक आहे, अशी तिची बैठक. मुळाशी सातारा जिल्ह्यातल्या वाई-धोम परिसरातलं प्रकरण होतं. २०१६च्या ऑगस्टमध्ये तिथल्या डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसाला अटक झाली आणि सहा खुनांचा आरोप त्याच्यावर आला. किरण गायकवाडने पडद्यावरचा डॉक्टर असा उभा केला की त्याचं गोड बोलणं, पेशंटच्या डोक्यावरून हात फिरवणं आणि पुढच्या क्षणी थिजणारे डोळे, यातलं काहीच खोटं वाटत नाही. मालिकेतल्या सरू आजीच्या शिव्या आणि म्हणी लोकांनी घरोघरी उचलल्या. गावातलं बोलणं गावासारखं होतं. हे सगळं मला फार आवडलं.

आणि त्याच मालिकेत एकामागून एक बाया येत होत्या, त्याच्यावर भाळत होत्या, मरत होत्या. मेलेली बाई पुढच्या आठवड्यात कुणाच्या बोलण्यातसुद्धा उरत नव्हती. हे मला सहन होत नव्हतं, आणि टीव्हीही बंद करवत नव्हता.

मोटारीशेजारी

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात केळीला पाणी लागतं ते बारा महिने, आणि शेतीची थ्री-फेज वीज अनेक फीडरवर एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी पाळीने येते. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकरी जेवून मळ्यात जातो, मोटार चालू करतो आणि बसून राहतो. वीज मध्येच गेली, फेज उडाला, ठिबकची नळी सुटली तर बघायला माणूस हवा. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याची भीती खरी आहे, त्यामुळे डुलकी घ्यायची सोय नाही. अशा वेळी सोबतीला मोबाइल असतो.

एका मळ्यात मी एका शेतकऱ्याबरोबर, जिभाऊंबरोबर, असाच बसलो. पंपाच्या खोलीबाहेर पत्र्याची खुर्ची, पाण्याच्या पाइपावर टेकवलेला फोन, काचेवर किडे येतात म्हणून त्यांनी उजेड अगदी कमी केलेला. समोर केळीची पानं वाऱ्याने एकमेकांवर घासत होती. मालिकेतलं पार्श्वसंगीत चढायला लागलं की ते आवाज बंद करत. मी विचारलं, "जिभाऊ, आवाजाशिवाय काय समजतं?"

"संगीत वाजायला लागलं म्हणजे काही होणार नाही, एवढं समजतं," ते म्हणाले. "खरं काही व्हायचं असलं की गुपचूप होतं. आवाज चालू ठेवला तर बागेतलं काही ऐकू येत नाही."

हे त्यांनी सहज सांगितलं, पण रहस्यमालिकेवरचा इतका नेमका अभिप्राय मी दुसरीकडे ऐकलेला नाही. ज्याला अंधारात खरोखर कान देऊन बसावं लागतं, त्याला ढोल वाजवून भीती दाखवता येत नाही. ते मालिका बघत होते ती माणसासाठी. डॉक्टर समोरच्याला बोलण्यात कसा घेतो, कुठल्या वाक्याला समोरचा विरघळतो, हे ते अगदी जवळून बघत. बियाणं विकणारा, केळीचा भाव ठरवणारा, कर्ज मिळवून देतो म्हणणारा अशी गोड बोलणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली आहेत. अमुक ठिकाणी आपण फसलो असतो की नसतो, याचा हिशेब ते प्रत्येक भागाला मांडत होते.

बावीस मिनिटं

मालिका लांबते कशी, हे समजून घ्यायचं तर तिचं घड्याळ बघावं लागतं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटं जाहिरातींची. म्हणजे अर्ध्या तासाच्या भागात गोष्टीला बावीस-चोवीस मिनिटं मिळतात, आणि त्यातही कालचा सारांश आणि उद्याची झलक. आठवड्याला पाच-सहा भाग. वर्षाला तीनशे भाग झाले तर शंभर तासांहून जास्त गोष्ट सांगावी लागते. एका खुनाचा तपास कादंबरीत चांगला रंगतो, सिनेमात दोन तासांत संपतो. तो शंभर तास ताणायचा तर मधे काय भरायचं? चेहऱ्यांवरून कॅमेरा फिरतो. दार आपोआप उघडतं, भाग संपतो, दुसऱ्या दिवशी दारामागून मांजर निघतं. त्या धंद्यात याला ‘हुक’ म्हणतात. हुक भागाच्या शेवटी लागतो, आणि महाएपिसोडच्या आधी जरा मोठा लागतो.

कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी वाटणी असते. शूटिंग प्रसारणाच्या फार पुढे नसतं. हातात शिल्लक भागांची ‘बँक’ थोडी असते. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि त्याप्रमाणे कथेचा एखादा ट्रॅक वाढतो, आटतो, कधी गायबच होतो. तिसऱ्या आठवड्यात दाखवलेली फुटकी बांगडी चाळिसाव्या आठवड्यात परत येईल, याची हमी कोण देणार? तोवर ती बांगडी लिहिणारा लेखक दुसऱ्या मालिकेवर गेलेला असतो, किंवा ती घालणारी नटी. यात कुणी मुद्दाम प्रेक्षकाला फसवतं असं मला वाटत नाही. ही माणसं दिवसाचे बारा-बारा तास राबतात. पण रहस्यकथा हा प्रकार असा आहे की त्यात पहिल्या पानावरची वस्तू शेवटच्या पानाची देणेकरी असते, आणि रोजच्या मालिकेचा कारखाना आठवड्याच्या उधारीवर चालतो.

टीआरपी ठरतो तो देशभर मिळून पन्नास हजारांच्या आसपास घरांतल्या मीटरवरून. घरातल्या प्रत्येक माणसाला रिमोटवर आपलं वेगळं बटण असतं. कोण बघतंय हे त्याने दाबायचं. ही घरं कुठली, हे गुप्त ठेवतात. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेची ही मोजणी २०१५मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी गावातली घरंही तिच्यात आली. ‘रात्रीस खेळ चाले’ २२ फेब्रुवारी २०१६ची, ‘तुझ्यात जीव रंगला’ त्याच वर्षीची, ‘लागिरं झालं जी’ २०१७ची. एकापाठोपाठ गावाकडच्या गोष्टी आल्या, मालवणी आली, कोल्हापुरी आली, सातारी आली. गावं मोजायला लागल्यावर गावं दिसायला लागली, हा मला योगायोग वाटत नाही. अहिराणी मात्र रात्री दहाच्या मालिकेत अजून माझ्या कानावर पडलेली नाही. पांझरेपासून तापीपर्यंत लाखो माणसं जी भाषा बोलतात, तिच्यात एखादा फौजदार गुन्हेगाराला प्रश्न विचारतोय, हे मला एकदा ऐकायचं आहे.

देवपूरची बैठक

धुळ्यात पांझरेच्या पलीकडे देवपूर. तिथल्या एका घरी आत्या, त्यांच्या दोन सुना, शेजारच्या वहिनी आणि कॉलेजात जाणारी नात अशी रोजची बैठक असते. शेवभाजीची पातेली घासून झालेली, दाराशी चपलांचा ढीग. मी गेलो त्या रात्री पडद्यावर एक नवीन पात्र आलं आणि त्याने तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, "हाऊच शे तो. माले ठाऊक व्हतं."

"अहो आत्या, आत्ता तर आला तो," धाकटी सून म्हणाली.

"मग? एवढा चांगला नट काय पाणी भरायला ठेवतील?"

सगळ्या हसल्या, पण आत्यांचं गणित पक्कं आहे. त्या गोष्टीतले पुरावे बघतच नाहीत. त्या मालिका बनवणाऱ्यांची चाल बघतात. नावाजलेला नट कुठे आहे, कुणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबला, कुणाचं नाव जाहिरातीत आधी आलं. कित्येक वर्षं अर्धवट सोडलेले धागे बघून बघून प्रेक्षकाने स्वतः शोधलेली ही रीत आहे. गोष्टीवरचा विश्वास उडाला की माणूस कारागिराकडे बघायला लागतो.

थोड्या वेळाने पडद्यावर एका बाईचा जीव गेला. जाहिरात लागली. आत्यांनी विचारलं, "तिले काब्र मारं त्यानी? आणि तिच्या पोराचं काय?"

नात म्हणाली, "आजी, त्या पोराचं काही दाखवणार नाहीत आता." ती तसं म्हणाली त्यात चिडचिड नव्हती, नुसती माहिती होती. मला मात्र ते लागलं. मारेकरी कोण, हे आत्या चुटकीसरशी सांगतात. मेलेल्या बाईचं मूल कुणाकडे गेलं, हा त्यांचा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारणारं पडद्यावर कुणी नाही.

मागे चालणारी गोष्ट

या मालिकांची एक गंमत मला खूप उशिरा दिसली. त्या नेहमी पुढेच जातात असं नाही, मागेही जातात. ‘रात्रीस खेळ चाले’चा पहिला भाग अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू झाला. आकेरीचा वाडा, मालवणी, प्रल्हाद कुडतरकरांची लेखणी, आणि कोण करतंय हे सगळं, हा प्रश्न. तेव्हा अंधश्रद्धेचा आक्षेप आला, कोकणाची बदनामी होते असाही सूर निघाला. उत्तर मिळालं, मालिका संपली. २०१९मध्ये दुसरी आली ती अण्णा जिवंत असतानाची. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता यांनी महाराष्ट्र वेडा केला. अण्णा मरणार, हे तर सगळ्यांना माहीत होतं! ‘देवमाणूस’चा ताजा भागही नावाप्रमाणे ‘मधला’ आहे. दोन माहीत असलेल्या टोकांच्या मधे घडणारा. म्हणजे शेवट ठाऊक असताना लोक जास्त रमले. यावलच्या मळ्यातले जिभाऊ जे बघत होते, तेच इथे महाराष्ट्राने बघितलं: माणूस वाईट कसा होतो, आजूबाजूचे ते चालवून कसे घेतात.

अमेरिकेत १९९०मध्ये डेव्हिड लिंचच्या ‘ट्विन पीक्स’चं याच्या उलट झालं. एका शाळकरी मुलीचा खून कुणी केला, यावर अख्खा देश बोलत होता. लिंचला उत्तर द्यायचंच नव्हतं. वाहिनीने लावून धरलं, दुसऱ्या पर्वात उत्तर दिलं, आणि प्रेक्षक पांगले. १९९१मध्ये मालिका बंद झाली. उत्तर दिलं तर माणूस उठून जातो, नाही दिलं तर चिडतो. आपल्याकडे मागे जाण्याची जी वाट सापडली ती या पेचातून निघालेली आहे, आणि ती मला कारागिरी म्हणून आवडते. तिची किंमत मात्र बळी गेलेली माणसं मोजतात. खुनी मधल्या अध्यायातही जगणार, हे आधीच ठरलेलं. मग पकडला जायचा प्रश्नच नाही, आणि तपास करणारा कितीही हुशार असला तरी त्याला उशीरच होणार.

साक्री रस्ता

धुळ्याहून साक्रीकडे, पिंपळनेरच्या पुढे राईनपाडा आहे. १ जुलै २०१८ला, रविवारच्या बाजाराच्या दिवशी, सोलापूरकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना तिथे जमावाने ठार मारलं. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप मोबाइलवर फिरत होते. परकी माणसं दिसली, संशय आला, आणि त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. कुठल्या मालिकेमुळे ते घडलं असं मी अजिबात म्हणत नाही. तसं म्हणणं खोटं होईल. पण या जिल्ह्यात बसून रहस्यमालिका बघताना ते पाच जण माझ्या मनातून जात नाहीत. भिक्षेकऱ्यांचा वेश, अनोळखी बोली, लहान मुलाशी बोलणं. मालिकेत एवढ्या खुणा दिसल्या की संगीत चढतं आणि आपण समजतो, हाच तो.

त्याच पट्ट्यात, पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि १९९८मध्ये वेगळ्या झालेल्या नंदुरबारच्या डोंगरात, बायांना डाकीण ठरवून छळल्याची प्रकरणं अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं हाताळत आले आहेत. गावात कुणी आजारी पडलं, गुरं मेली, तर कारण हवं असतं. भगत बोट दाखवतो, आणि ते बोट बहुधा एकट्या, जमीन नावावर असलेल्या विधवेकडे जातं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने, अमुक माणूस करणी करतो असं ठरवून त्याला छळणं गुन्हा झालं. ‘करणी’ हे उत्तर तिथे माणसाचा जीव घेऊ शकतं. रात्री दहाच्या मालिकेत तेच उत्तर लिंबू-मिरची आणि मोकळ्या केसांसह येतं आणि आपण चहा घेत बघतो.

इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूने १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातला एक असा की दैवी किंवा भुताटकीचं उत्तर चालणार नाही. देवावर श्रद्धा असलेल्या माणसाने तो घातला, याचं मला महत्त्व वाटतं. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड अशी पात्रं घराघरांत गेली. एका बैठकीत संपणारी ती छोटी पुस्तकं होती. वाचनालयात पुढच्या पुस्तकासाठी रांग लागे, पण आधीच्या पुस्तकाचा हिशेब मिटलेला असे. ज्याच्यावर संशय आला तो निर्दोष निघाला तर तेही त्याच पुस्तकात कळत होतं. चांगली रहस्यकथा वाचकाला शंभर वेळा चुकीच्या माणसाकडे बघायला लावते आणि शेवटी त्या चुकीच्या माणसांना मोकळं करते. रोजच्या मालिकेत हे मोकळं करणंच राहून जातं. संशय जागवला जातो, हुक म्हणून वापरला जातो आणि तसाच सोडून दिला जातो. माझा सगळ्यात मोठा राग त्यावर आहे.

कागदाचा माणूस

धुळ्यात गेलो की मी राजवाडे संशोधन मंडळात डोकावतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला या शहरात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली. त्यांनी आयुष्यभर जमवलेली बरीच कागदपत्रं इथे आहेत. कुणाच्या माळ्यावरची दप्तरं, कुणाच्या कोठारातले उंदरांनी कुरतडलेले रुमाल, जे मिळेल ते मिळवायला हा माणूस गावोगाव पायी हिंडला आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले. अस्सल कागद हातात असल्याशिवाय एखाद्या पुरुषाला थोर किंवा फितूर म्हणायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता. निष्कर्ष काढण्यात त्यांनी स्वतः कितीदा घाई केली, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण कागद त्यांनी जपून ठेवले, म्हणून तर वाद घालता येतो.

देवपूरच्या त्या घरातल्या नातीकडे एक वही आहे. दोनशे पानी, कॉलेजच्या नोट्सची, मागच्या बाजूने सुरू केलेली. तिच्यात ती मालिकांमधले सुटलेले धागे तारखेसह लिहिते. ‘विहिरीजवळची चप्पल कुणाची?’ ‘फोन पोलिसांनी घेतला, पुढे?’ ‘वॉचमनने काय पाहिलं?’ उत्तर मिळालं की समोर बरोबरची खूण. पानं चाळली, खुणा कमी आहेत. वेगवेगळ्या मालिका एकाच वहीत, एका मालिकेला एक शाई.

मी तिला विचारलं, हे वाहिनीला पाठवतेस का?

"नाही. मला लक्षात राहावं म्हणून."

तेवढ्यात जाहिरात संपली. आत्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "त्या पोराचं लिख गं. तारीख टाक." वहिनी म्हणाल्या, पोराचं नाव काय होतं? कुणालाच आठवेना. थोरली सून म्हणाली, नाव दिलंच नव्हतं. धाकटी म्हणाली, दिलं होतं, बारशाचा भाग झाला होता. आत्या म्हणाल्या, बारसं दुसऱ्या मालिकेतलं. पडद्यावर पोलीस जीप येऊन थांबली होती आणि तिकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.